गच्चीवरची काजळी

प्रश्न : ताई, आम्ही सांगलीचे, ऊसतोड सुरू झाली की गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर काजळी पडते. हवेचे नियम कडक होतायत म्हणे, मग राज्य सरकार करणार काय?

उत्तर : अहो दादा, ती काजळी बहुतेक पेटवलेल्या पाचटाची, ती दिसते तरी, खरा त्रास न दिसणाऱ्या धुळीचा. पीएम टेन म्हणजे हवेत तरंगणारी ही बारीक धूळ, तिची वर्षाची सरासरी दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी हा आपला २००९ चा नियम, जागतिक आरोग्य संघटना तर २०२१ पासून १५ च म्हणतेय! शहरांतली ही धूळ कमी करायच्या केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सांगली आहेच. रस्त्यावर नुसतं पाणी मारून भागत नाही (तासाभरात वाळतं), कडेची माती पक्की करा, बॉयलरच्या धुराड्यात राख पकडणारी यंत्रं चालू ठेवा आणि पाचट न पेटवता कुट्टी करून सरीतच कुजवा. शेजारच्या रानवाल्या पाव्हण्यांना चहा पाजून एवढं सांगून बघा की.