आमचा परिसर चालण्यासाठी सुरक्षित आणि सुखद कसा करता येईल? नागरिक म्हणून सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की शाळा, भाजी मंडई, बसस्टॉप, दवाखाना सगळं घरापासून दहा मिनिटांत आहे, फुटपाथसुद्धा आहेत, तरी आई-वडील संध्याकाळी बाहेर पडायला घाबरतात आणि मुलीला शाळेत सोडायला स्कूटर काढावी लागते. मी पुण्यात राहते आणि आमच्या भागातल्या नागरिकांच्या गटातर्फे बरीच वर्षं याच कामात आहे. जे उपयोगी पडलेलं पाहिलंय तेवढंच सांगते.

सगळा परिसर सुधारायचा विचार तूर्त बाजूला ठेवा. एकच वाट निवडा: शाळेची, मंडईची किंवा बसस्टॉपची, जिच्यावर सगळ्यात जास्त माणसं चालतात ती. आणि ती दारापासून शेवटपर्यंत सलग होईस्तोवर दुसरीकडे वळू नका. चारशे मीटर उत्तम फुटपाथ असला आणि मध्येच विजेचा डीपी, राडारोड्याचा ढीग किंवा उघडं चेंबर आलं, की सत्तरीतल्या माणसाला तिथे भर रहदारीत उतरावं लागतं. दोनदा गाडी अगदी अंगाला घासून गेली की ते बाहेर पडणंच सोडतात. अर्धा-अर्धा फुटपाथ चार ठिकाणी झाल्याने अहवालात कामं दिसतात, चालणाऱ्याला त्याचा फायदा होत नाही.

वाट ठरली की ती चालून पाहा, पण धडधाकट माणसांनी एकट्याने नाही. सोबत एखादे ज्येष्ठ नागरिक, काठी किंवा चाकाची खुर्ची वापरणारं कोणी आणि सात-आठ वर्षांचं मूल घ्या. मुलाच्या उंचीवरून उभ्या गाड्यांच्या पलीकडचं काही दिसत नाही, हे त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसून पाहिल्याशिवाय मोठ्यांना पटत नाही. एकदा शाळा सुटायच्या वेळी जा आणि एकदा अंधार पडल्यावर. हातात मोजपट्टी हवीच. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची पादचाऱ्यांसाठीची मानकं आहेत, आयआरसी १०३ या क्रमांकाची. त्यांनुसार निवासी भागात फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळी जागा लागते, आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको. ‘मोकळी’ या शब्दावर अडून बसा. कागदावर दोन मीटरचा असलेला फुटपाथ झाड, खांब आणि जाहिरातीचा फलक वजा केल्यावर कित्येकदा पाऊण मीटर उरतो. उंचीचंही तसंच. गाड्या चढू नयेत म्हणून फूटभर उंच केलेल्या फुटपाथवर गाड्या चढतातच, आजी मात्र चढू शकत नाहीत.

प्रत्येक अडचणीचा फोटो, माप आणि जवळच्या पथदिव्याच्या खांबाचा क्रमांक लिहून ठेवा. नुसतं ‘बेकरीसमोर’ लिहिलं की कर्मचारी जागा सापडली नाही म्हणून तक्रार बंद करतो, खांबाचा क्रमांक असला की तसं करता येत नाही. मग यादी खात्यानुसार तोडा. फुटपाथ पथ विभागाकडे, चेंबर मलनिःसारणकडे, दिवे विद्युत विभागाकडे, फांद्या उद्यान विभागाकडे, डीपी महावितरणकडे, पार्किंग आणि सिग्नल वाहतूक पोलिसांकडे. दहा गोष्टींचा एकच अर्ज खात्याखात्यांत फिरत राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच मागे राहतं. लोक आधी पेव्हर ब्लॉक, बाकं आणि शोभेचे दिवे मागतात. मला विचाराल तर आधी गाड्यांचा वेग मागा. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळपास दर पाचातला एक. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. मूल धावत रस्त्यावर आलं, तर चालकाचा पाय ब्रेकवर पडायला लागणाऱ्या त्या एका सेकंदात गाडी तेवढी पुढे आलेली असते. ३० च्या वेगाला हेच अंतर आठ मीटरच्या आसपास असतं. शिवाय धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ५० ची धडक ३० च्या धडकेच्या पावणेतीन पट. अंगणातून रस्त्यावर आलेलं लेकरू जगतं की नाही, ते या फरकावर ठरतं. म्हणून कॉलनीत आणि शाळेजवळ ३० हीच मर्यादा असावी, यावर मी ठाम आहे.

मात्र पाटी लावून वेग कमी होत नाही. रस्ता रुंद आणि सरळ दिसला की चालक आपोआप वेग वाढवतो. वेग रस्त्याच्या आखणीतून कमी करावा लागतो. वळणाचा कोपरा ऐसपैस गोल असेल तर गाडी वेग न कमी करता आत शिरते, तोच कोपरा आवळला की तिला हळू व्हावंच लागतं, आणि रस्ता ओलांडायचं अंतरही कमी होतं. शाळेच्या दारात झेब्रा पट्टे फुटपाथच्या पातळीला उचलून घ्या, म्हणजे गाडी चढ चढून जाईल आणि मूल सपाट चालेल. मोठ्या रस्त्यावर दुभाजकात थांबायला सुरक्षित जागा मागा, एका वेळी एकाच बाजूची रहदारी पाहावी लागली तर म्हातारी माणसं निर्धास्त ओलांडतात.

गतिरोधकाबद्दल थोडं. कॉलनीतले लोक वर्गणी काढून रातोरात सिमेंटचा उंचवटा बांधतात, तसं करू नका. मानकांप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यावर १० सेंटिमीटर उंच असतो, त्यावरून ताशी २५ ने गाडी अलगद जाते. अरुंद, उंच टेकाडावर दुचाकी घसरते आणि रुग्णवाहिकेतल्या पेशंटचे हाल होतात. रीतसर मागणी करा आणि त्यावर पांढरे पट्टे व आधी सूचनाफलक हवाच असं लिहा.

सिग्नल असेल तर पादचाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद आहे ते घड्याळ लावून पाहा. वेळ ठरवताना बहुधा सेकंदाला १.२ मीटर अशी चाल धरतात. १५ मीटर रुंद रस्त्याला त्या हिशेबाने साडेबारा सेकंद पुरतात. गुडघे दुखणारी बाई सेकंदाला ०.८ मीटर चालत असेल, तर तिला एकोणीस सेकंद लागतात. एवढा साधा हिशेब अर्जात मांडला की वाहतूक शाखेचे अधिकारी ऐकतात. यात खर्च जवळपास काहीच नाही.

भाजीवाले आणि चहाच्या गाड्या हटवा, असा ठराव तुमच्या सोसायटीत लवकरच येईल. मला तो चुकीचा वाटतो. संध्याकाळी सातनंतर ज्या रस्त्यावर दोन भाजीवाल्या आणि एक इस्त्रीवाला असतो, त्या रस्त्यावरून मुली क्लासहून पायी घरी येतात. शटर पडलेल्या, सुनसान रस्त्यावरून येत नाहीत. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे, त्याखाली नगर पथविक्रेता समिती असते आणि विक्रेत्यांचे प्रतिनिधी तिच्यात असतात. चालायचा पट्टा मोकळा ठेवून झाडं, खांब, बाकं ज्या रांगेत आहेत त्याच रांगेत विक्रेत्यांच्या हातगाड्यांना आखून जागा द्या, अशी मागणी करा. विक्रेत्यांशी स्वतः जाऊन बोला. त्यांनाही गिऱ्हाईक पायी आलेलंच हवं असतं.

उलट सोसायट्यांकडे बोट दाखवायला कचरू नका. प्रत्येक गेटसमोर गाडीसाठी फुटपाथ तोडून उतार केलेला असतो, त्यामुळे चालणाऱ्याला दर वीस पावलांवर खाली-वर करावं लागतं. खरं तर फुटपाथ सपाट राहून गाडीने त्यावरून हळू जायला हवं. गेटबाहेरच्या कुंड्या, रखवालदाराची खुर्ची, पाहुण्यांच्या गाड्या, हे सगळं आपलंच. सोसायटीच्या सभेत हा विषय ज्येष्ठांनी मांडला तर कोणी विरोध करत नाही.

रस्त्यावरचं पार्किंग कमी करायला मात्र विरोध होईल, दुकानदारांकडून जास्त. त्यांची भीती खरी असते, तिला उडवून लावू नका. तात्पुरता प्रयोग करून दाखवा. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा केला, तेव्हापासून तो दरवर्षी होतो. गाडी नसलेल्या त्या रस्त्यावर आजी-आजोबा मधोमध चालताना आणि दुकानांत शिरताना दिसतात. एका दिवसाने वर्षभराचा प्रश्न सुटत नाही, पण बघितल्याशिवाय पटत नाही अशा गोष्टींपैकी ही आहे. तुम्ही एक रविवार सकाळ शाळेपुढचा रस्ता परवानगी घेऊन बंद ठेवू शकता, किंवा कोपऱ्यावर रंग आणि शंकू ठेवून नवी आखणी महिनाभर तपासून पाहू शकता. आणि पार्किंगची बंदी मागण्यापेक्षा सम-विषम तारखेची पी-१, पी-२ पद्धत (एका तारखेला रस्त्याच्या एका बाजूला गाड्या लावायच्या, दुसऱ्या तारखेला दुसऱ्या) मागितली तर दुकानदार लवकर तयार होतात.

पैशांचं. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक होतं. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपल्या प्रभागातलं छोटं काम सुचवता येतं. तुमच्या शहरात अशी सोय नसेल तर अंदाजपत्रक तयार होण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, नगरसेवक आणि वॉर्ड ऑफिसरना मापं, फोटो आणि दोनशे सह्यांचं पत्र द्या. मार्चमध्ये दिलेल्या पत्राचा उपयोग नसतो. पाठपुराव्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, त्यात अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात. तिथेही उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. पत्रात एक वाक्य जरूर घाला: १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की अडथळ्यांविना फुटपाथ वापरणं हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अधिकाऱ्यांशी बोलण्याचा सूर याने बदलतो, आपण मेहेरबानी मागत नाही हे दोघांनाही कळतं.

काम सुरू झालं की रोज कोणीतरी तिथे असू द्या. चेंबरचं झाकण फुटपाथच्या पातळीला बसलं का? उतार एकास बारा आहे का, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १.८ मीटर लांब? झाडाच्या बुंध्याला सिमेंट चिकटवलं तर तिथल्या तिथे थांबवा, सावली गेली की एप्रिल-मेमध्ये त्या फुटपाथवर कोणी फिरकणार नाही. ठेकेदार निघून गेल्यावर दुरुस्ती करून घेणं फार अवघड असतं. आणि केबलवाल्यांनी खोदलं की भरणी पूर्ववत झाली का ते पावसाआधी पाहून घ्या.

तुमच्या वाटेवर सगळ्यात मोठा रस्ता किती रुंद आहे, ओलांडायच्या जागी सिग्नल आहे का आणि तुमच्याकडे महानगरपालिका आहे की नगरपरिषद, एवढं खाली लिहा. पहिला अर्ज कोणाच्या नावे आणि कसा लिहायचा, त्याचा मसुदा मी देते.