तांदळाच्या तराजूजवळचे नागरिकशास्त्र

शाळेतील संस्कार, नागरिकशास्त्र आणि आपल्या भागाची ओळख या विषयांवर विदर्भातील ग्रामीण वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत परिपाठ रोज होतो. प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, बोधकथा, दिनविशेष, सर्व काही व्यवस्थित असते. परंतु सकाळी ‘नेहमी खरे बोलावे’ असे फळ्यावर लिहिणारा मुलगाच दुपारी घटक चाचणीत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावतो. संस्कार मुलांच्या अंगी का उतरत नाहीत?
— मुख्याध्यापिका, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : मॅडम, परिपाठ चालूच ठेवावा. तथापि, शाळेच्या संपूर्ण दिवसात त्या मुलाच्या खरेपणाची कोणाला खरोखर गरज पडते, असा एक तरी प्रसंग येतो का, हे आपण तपासून पाहावे. बहुतेक शाळांत तो येत नाही. मुलाने सुविचार लिहिला काय आणि न लिहिला काय, कोणाचे काही अडत नाही. म्हणून तो सुविचार हस्ताक्षराच्या पलीकडे जात नाही. मुलाच्या हाती असे काम द्यावे की ज्यात त्याने खोटे लिहिले तर दुसऱ्याच्या ताटातले कमी होईल.

असे काम आपल्याच शाळेत रोज घडते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दररोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलासाठी १५० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. समजा, आज खालच्या वर्गांत ४८ आणि वरच्या वर्गांत ३० मुले हजर आहेत. म्हणजे ४ किलो ८०० ग्रॅम आणि ४ किलो ५०० ग्रॅम, एकूण ९ किलो ३०० ग्रॅम. सातवी-आठवीतील एक मुलगा आणि एक मुलगी यांची आठवड्याची पाळी लावावी. त्यांनी प्रत्येक वर्गात जाऊन डोकी मोजावीत, हिशेब मांडावा, स्वयंपाकी ताईंच्या शेजारी उभे राहून तांदूळ तोलावा, आकडा वहीत लिहून सही करावी आणि दुसऱ्या दिवशी परिपाठात तो वाचून दाखवावा.

सुरुवातीचे काही दिवस मुले हिशेबात आलेला आकडाच वजन म्हणून लिहून टाकतील. मग एखाद्या दिवशी काटा ९ किलोवर थांबेल. वहीत ९.३ लिहायचे की ९, हे त्या मुलीला तिथल्या तिथे, ताई बघत असताना, ठरवावे लागेल. तिने ९ लिहिले तर आपण तिच्या पाठीशी उभे राहायचे आहे. ताईंनाही मुलांसमोर न रागावता, कमी का भरले एवढेच शांतपणे विचारायचे आहे, कारण पोते संपत आले असेल किंवा काटाच बिघडला असेल. खरे लिहिल्याने भांडण होत नाही, उलट दुरुस्ती होते, हे मुलीने अशा वेळी पाहिले तर ते तिच्या मनात टिकते.

यात मोठ्यांची परीक्षा अधिक कडक आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. हजेरीपटावरची संख्या आणि पंगतीत बसलेल्या मुलांची संख्या यांचा मेळ बसत नसेल, तर तो मुलांच्या वहीत दिसणारच. ती जोखीम पत्करण्याची तयारी शिक्षकांनी आधी आपापसांत बसून करावी. ज्या शाळेत मोठेच कागदावर वेगळा आकडा चढवतात, त्या शाळेत खरेपणाचा कोणताही पाठ मुलांच्या गळी उतरत नाही.

कामांच्या पाळ्यांकडेही बारकाईने पाहावे. झाडू मुलींच्या हाती आणि घंटा मुलांच्या हाती, अशी वाटणी अजूनही अनेक गावांत आपोआप होते. पिण्याच्या पाण्याच्या माठाजवळ कोण उभे राहणार आणि वाढप कोण करणार, हे हजेरी क्रमांकानेच ठरावे. त्यात जात, मोहल्ला, वडिलांचा हुद्दा यांना जागा नसावी. अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे १७ वे कलम मुले सातवीत पाठ करतात, पण ते कलम आपल्या शाळेत पाळले जाते की नाही हे त्यांना पंगतीतच कळते.

आपल्या भागाला ही रीत नवी नाही. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्याने गाव झाडून काढीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहून लोकांनाच प्रश्न विचारीत. आधी काम आणि मग बोलणे, हा क्रम त्यांनी पाळला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीचाही आग्रह हाच होता की हाताने केलेल्या उपयोगी कामाभोवती बाकीचे विषय गुंफावेत. आपल्या परिपाठात हा क्रम उलटा झाला आहे. आदल्या दिवशीच्या कामाची वही परिपाठात उघडली जाऊ लागली की सुविचारालाही धरायला काहीतरी मिळेल.

चाचणीत डोकावणाऱ्या मुलाला मात्र सर्वांसमोर उभे करू नये. त्याला पुढच्या आठवड्याची पाळी द्यावी.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. सरांनी वर्गाला गावातल्या नळयोजनेची पाहणी करायला लावली. आठवडाभर मुले संध्याकाळी वह्या घेऊन फिरत होती. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० गुण. त्यात राज्यशास्त्राचा वाटा थोडाच. गणित-विज्ञानाचा वेळ यात घालवणे योग्य आहे का?
— एक शेतकरी पालक, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : भाऊ, आपली काळजी रास्त आहे. एका हंगामाच्या पैशावर मुलाचे वर्ष उभे असते, त्यामुळे वेळेचा हिशेब आपण मागणारच. तरीही मुलाची ती वही एकदा उघडून पाहावी, अशी विनंती आहे.

नळाखाली बादली ठेवून ती किती मिनिटांत भरली हे त्याने मोजले असेल, तर ते गणितच आहे. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे पाच जणांच्या घराला २७५ लिटर. आपल्या वस्तीला प्रत्यक्षात किती मिळते, टाकीजवळच्या घरात आणि शेवटच्या टोकाच्या घरात किती फरक पडतो, पाणी एक दिवसाआड येते की चार दिवसांआड, हे त्याने तक्त्यात मांडले तर त्याला सरासरीही समजेल आणि अन्यायही. पुढची पायरी अधिक मोलाची आहे. या तक्त्याच्या आधारे वर्गाने ग्रामपंचायतीला अर्ज लिहावा : विषय एकच, मागणी एकच, भाषा सभ्य, सोबत मोजमापाचा तक्ता. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घेऊन पोच परत आणावी.

ही पोच घेण्याची सवय किती कामाची आहे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असेल? फेरफार अडकतो, सातबाऱ्यावर वारसाचे नाव चढत नाही, अनुदानाच्या यादीतून नाव गळते, आणि तोंडी विचारून वर्षे निघून जातात. शेवटी एखाद्या मध्यस्थाला पैसे देऊन काम होते. शिकलेली मुले घरात असूनही एका अर्जासाठी दुसऱ्याच्या दारात जावे लागते, ही आपल्या शिक्षणाची मोठी उणीव आहे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली झाला, उत्तरासाठी साधारणपणे ३० दिवसांची मुदत आहे, हे मुलाला पाठ असते. पण अर्जाच्या खाली तारीख का लिहायची, हे त्याला कार्यालयाच्या खिडकीशीच समजते.

आपल्या आक्षेपातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. अशी पाहणी अंधार पडल्यावर, परीक्षेच्या तोंडावर किंवा कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत लावू नये. मुलींना तर संध्याकाळी गावभर फिरवणे योग्यच नाही. ही पाहणी इतिहासाच्या तासाला आणि शनिवारी करता येते. सरांना भेटून आपण हे अवश्य सांगावे, आणि जमल्यास अर्ज देताना मुलांसोबत कार्यालयापर्यंत जावे.

प्रश्न : आमच्या घरी गोंडी बोलतात. मुलगी आश्रमशाळेत पाचवीत आहे. सुटीत घरी आली की गोंडीत उत्तर देत नाही. पाहुण्यांसमोर आजीला गप्प बसायला सांगते. शाळेत ‘आपली संस्कृती’ हा प्रकल्प दिला तेव्हा तिने दुकानातून आणलेली गुढीची आणि लेझीमची चित्रे चिकटवली. तिला घरच्यांची लाज वाटू नये म्हणून काय करावे?
— एक आई, धानोरा तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : ताई, आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. मुलीला रागावू नका. जे शाळेत विचारले जाते तेच मोलाचे, असे मुलांना वाटते. आणि तिच्या आजीला जे येते ते शाळेत कोणी कधी विचारलेले नाही.

म्हणून आधी शाळेने ते विचारले पाहिजे. पुढच्या सुटीसाठी तिच्या शिक्षकांकडून पाच प्रश्न मागून घ्यावेत, ज्यांची उत्तरे केवळ आजीलाच देता येतील : मोहफुले कोणत्या पहाटेपासून वेचायची आणि वाळवायची कशी, कोणते झाड तोडायचे नाही आणि का, नवे धान्य खाण्याआधी काय करतात, गावात तंटा झाला तर कोण बसून मिटवतात, पूर्वी कोणत्या वाटेने बाजाराला जात. उत्तरे आजीच्या शब्दांत, देवनागरीत पण गोंडीत लिहावीत आणि खाली मराठी अर्थ द्यावा. ती वही वर्गात वाचली जाईल त्या दिवशी मुलीला आजीची लाज वाटणार नाही.

आपण ज्या तालुक्यात राहता, त्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे नाव सगळीकडे आदराने घेतले जाते. ग्रामसभेत बहुमताने नव्हे तर सर्वांच्या सहमतीने निर्णय घ्यायचे, आणि निर्णयाआधी अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, ही रीत त्या गावाने घालून दिली. वनहक्कांचा २००६ चा कायदा झाल्यावर २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. आपल्या मुलीच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात लोकशाही आहे, पण तिच्या घरापासून फार दूर नसलेल्या या गावाची सहल शाळेने काढली आहे का? इंग्रजांविरुद्ध लढून २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा (आजचे चंद्रपूर) येथे फाशी गेलेले गोंड वीर बाबुराव शेडमाके यांचे चरित्र तिला कोणी सांगितले आहे का?

शिक्षकांशी बोलताना संकोच करू नये, कारण कायदा आपल्या बाजूने आहे. आपली भाषा आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क संविधानाच्या २९ व्या कलमात आहे, तर प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्याविषयी ३५० क या कलमात सांगितले आहे. शिवाय १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या मूलभूत कर्तव्यांत आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. म्हणजे गोंडी जपणे ही एकट्या आपल्या मुलीची जबाबदारी नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतर शिक्षकांनाही एक सांगणे आहे. आपल्या मुलांना सह्याद्रीतले किल्ले ठाऊक असतात, पण चिखलदऱ्याजवळचा गाविलगड ठाऊक नसतो. रिद्धपूर महानुभावांचे आणि आद्य मराठी गद्याचे ठिकाण आहे, १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टी येथे लोकांनी काय सोसले, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात काय घडले, हे विदर्भातल्या मुलाला पाठ्यपुस्तकाची वाट न पाहता कळले पाहिजे. वर्गातल्या भिंतीवर गावाचे कॅलेंडर लावावे. त्यात पोळा आणि तान्हा पोळा असावा, तसा धम्मचक्र प्रवर्तन दिन, उरूस, भाऊबीजेनंतरच्या मंडया म्हणजे गावजत्रा आणि माघ पौर्णिमेची गोंड समाजाची कचारगडची यात्राही असावी, आणि त्या दिवसाची माहिती, इच्छा असल्यास, त्या घरच्या मुलाने सांगावी. मात्र एकाच मुलाला साऱ्या समाजाचा वकील करू नये. आणि प्रजासत्ताक दिनी पाने-पिसे बांधून मुलांना ‘आदिवासी नृत्य’ करायला लावणे कृपया थांबवावे. त्यातून ओळख वाढत नाही. या ताईंच्या मुलीसारख्या मुलांच्या मनातली लाज मात्र वाढते.

प्रश्न : २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत शाळेतील मुलांना बसवण्याचा विचार आहे. नियमात बसते का? तयारी काय करावी?
— सरपंच, चांदूर बाजार तालुका, जि. अमरावती

उत्तर : सरपंच महोदय, आपला विचार स्वागतार्ह आहे. ग्रामसभेचे सदस्य गावचे मतदार असतात. त्यामुळे मुलांना ठरावावर मत देता येणार नाही आणि गणपूर्तीत, म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तीत, ती धरली जाणार नाहीत. त्यांनी बसून ऐकावे आणि सभेच्या संमतीने आपला विषय मांडावा. त्यांना स्वागतगीतापुरते बोलावून खाऊ देऊन परत पाठवू नये.

सभेपूर्वी मागील सभेचे इतिवृत्त आणि चालू वर्षाच्या आराखड्याची प्रत शाळेला द्यावी, म्हणजे शिक्षक ती वर्गात वाचून घेतील. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. मोठ्या मुलींना तीही पाहू द्यावी. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब झाल्याचे मुलांसमोरच जाहीर करावे आणि नोंदवही सह्यांसाठी घरोघर फिरवू नये. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हेही त्यांना त्याच वेळी समजावून सांगावे. मुलांनी अर्ज दिल्यास तो आवक नोंदवहीत चढवावा आणि पुढच्या ग्रामसभेपूर्वी, उत्तर ‘निधी उपलब्ध नाही’ असे असले तरी, शाळेला लेखी कळवावे.