गोष्ट त्यांना माहीत आहे, तुझं म्हणणं लिही

प्रश्न: ताई, मी धरमपेठेत राहते, केम्ब्रिज ए लेव्हलला (बारावीच्या तोडीची परीक्षा) इंग्लिश लिटरेचर घेतलंय. शेक्सपिअरचं ऑथेल्लो नाटक जवळजवळ तोंडपाठ आहे, निबंधात पाच-सहा पानं भरते, तरी सरांचा शेरा एकच, "फक्त गोष्ट सांगितली." अजून कोटेशन्स पाठ करू का? आणि घरी इंग्लिश बोलणारं कोणी नाही, त्याने मार्क जात असतील का?

उत्तर: अगं, पाठांतर आता पुरे, तुझं अडलंय दुसरीकडेच. पेपर तपासणाऱ्याने ते नाटक कितीदा वाचलेलं असतं, रुमाल कोणाकडून कोणाकडे गेला हे त्याला तुझ्याकडून ऐकायचंच नाहीये, त्याला पाहिजे की प्रश्नावर तुझं म्हणणं काय आणि शेक्सपिअरने ते कशातून दाखवलं.

समज विचारलं की ऑथेल्लोच्या नाशाला त्याचे कान भरणारा इयागो एकटाच जबाबदार आहे का. तू बहुतेक पहिल्या अंकापासून सांगायला सुरुवात करून राहिलीस. त्यापेक्षा पहिल्या दोन ओळींतच बाजू घे, की बायकोबद्दलचा संशय इयागो पेरतो खरा पण ऑथेल्लोला स्वतःबद्दलच खात्री नसते म्हणून तो उगवतो. मग पुरावा भाषेत शोध. पहिल्या अंकात सिनेटपुढे तो बोलतो ते कसं लांब, डौलदार ब्लँक व्हर्स, म्हणजे यमक नसलेलं पण लयीतलं पद्य आहे बघ, आणि चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात झटका येऊन पडायच्या आधी तोच माणूस तुटक गद्यात बोलतो, वाक्य धड पुरं होत नाही. माणूस कोसळतोय हे भाषा मोडून दाखवलंय! मला तर अख्ख्या नाटकात ही जागा सगळ्यात जास्त आवडते, आणि यावर एकच परिच्छेद नीट जमला ना तर गोष्टीच्या दोन पानांना भारी पडेल. कोटेशन चार-पाच शब्दांचं बस, पण त्याच्यामागे तुझी दोन वाक्यं पाहिजेतच.

समीक्षकांच्या मतांनाही ए लेव्हलला मार्क असतात. ब्रॅडलीला 1904 मध्ये ऑथेल्लो थोर मनाचा, फसवला गेलेला माणूस वाटला, लीव्हिसने 1937 मध्ये त्याला विरोध केला, त्याच्या मते दोष ऑथेल्लोच्या स्वतःच्याच मोठेपणाच्या कल्पनेत होता. नुसती नावं टाकून पुढे पळू नको, कोणाचं पटतं आणि कुठल्या प्रवेशामुळे पटतं ते सांग. शेक्सपिअरचा जन्म, गाव वगैरे मात्र सरळ गाळ.

पेपरात दोन तासांत दोन निबंध, म्हणजे एकाला एक तास. त्यातली पहिली दहा मिनिटं प्लॅनला दे, पानं कमी भरली तर भरू दे.

घरी इंग्लिश नाही हे तर मनातूनच काढ. देवलांचं झुंझारराव ऑथेल्लोवरूनच आहे, घरी कोणी ते वाचलं असेल तर चूक कोणाची यावर त्यांच्याशी मराठीतच कडाकडा भांड, मुद्दे तिथेच तयार होतात, इंग्लिशमध्ये नंतर उतरव.

या आठवड्यात एक जुना प्रश्न घे, पूर्ण उत्तर लिहू नको, फक्त तुझी बाजू आणि तीन परिच्छेदांची पहिली वाक्यं लिही. ती वाचून नाटकाची गोष्ट कळत असेल तर खोडून परत लिही, तुझं म्हणणं कळत असेल तर सरांना दाखव.