चेलो शिकायला बसण्याआधी

चेलो म्हणजे व्हायोलिनच्या कुळातलं, बसून वाजवायचं मोठं वाद्य. ते विकत घेण्याची घाई करू नकोस, आधी भाड्याने घे. उंची पाच फुटांहून कमी असेल तर पाऊणआकाराचा चेलो बघ, पूर्ण आकाराचा हट्ट नको.

खुर्चीच्या कडेवर बस, चेलोच्या तळाचा खिळा जमिनीत घट्ट रोव. फरशीवर तो घसरतो, माझा पहिला आठवडा त्यातच गेला! गजाला, म्हणजे तारांवर ओढायच्या काठीला, राळ बेतानेच लाव. महिनाभर फक्त मोकळ्या तारा: सी, जी, डी, ए, प्रत्येक तार आधीच्या तारेहून पंचमाने वर. म्हणजे 'सा'वरून 'प'वर. कंटाळवाणं आहे, पण गज सरळ ओढायला हात इथेच शिकतो.

आणि नाव नीट समजून घे. 'चेला'शी त्याचा काही संबंध नाही. मूळ इटालियन शब्द व्हायोलोन्चेल्लो. पुष्कळजण त्याला 'व्हायोलिनचेलो' करून टाकतात. 'व्हायोला' या व्हायोलिनसारख्या वाद्याच्या नावाला मोठेपणाचा प्रत्यय लागून झाला 'व्हायोलोने', म्हणजे मोठा व्हायोला. त्याला पुन्हा लहानपणाचा '-चेल्लो' जोडला. म्हणजे छोटा मोठा व्हायोला! आपण म्हणतो तो 'चेलो' हा निव्वळ शेपटीचा प्रत्यय.

घोडी, म्हणजे तारा उचलून धरणारी लाकडी पट्टी, कलली तर स्वतः ठोकाठोकी करू नकोस, शिक्षकांना दाखव.