डेटनला राहायचं की चॅटनूगाला? चाकणहून येणाऱ्या कुटुंबासाठी

तुमच्या यजमानांना टेनेसीतल्या डेटनमध्ये टायर कारखान्यात नोकरी मिळते आहे, मुलगी आठ वर्षांची आहे आणि इंटरनेटवर 'माकड खटल्याचं गाव' वाचून तुम्ही धास्तावलात. राहायचं डेटनलाच की जवळच्या चॅटनूगा शहरात, असा तुमचा प्रश्न. मी याच भागात राहतो, म्हणून सविस्तर लिहितो. आधी गावाचा इतिहास ऐका, कारण शाळेचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे.

डेटन हे रे काउंटीचं मुख्य ठिकाण, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गाव समजा. पूर्वी याला स्मिथ्स क्रॉसरोड्स म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश भांडवलावर इथे कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या निघाल्या, गाव फुगलं, काउंटीची कचेरी इथे आली आणि 1891 मध्ये आजचं विटांचं कोर्ट उभं राहिलं. खाणकाम मात्र जिवावरचं होतं. 1895 च्या डिसेंबरात एका स्फोटात दोन डझनांहून जास्त कामगार गेले. 1913 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि लोक गाव सोडू लागले. 1925 पर्यंत जेमतेम 1,800 माणसं उरली होती.

आता तो 'माकड खटला' (माणूस माकडासारख्या पूर्वजांपासून आला का, यावरचा, म्हणून हे नाव). त्या वर्षी टेनेसीने सरकारी शाळांत माणसाची उत्क्रांती शिकवायला बंदी घातली. या कायद्याला आव्हान द्यायला तयार असेल अशा शिक्षकाचा खर्च आम्ही उचलू, अशी जाहिरात नागरी हक्कांच्या एका संघटनेने चॅटनूगाच्या पेपरात दिली. रॅपलीए नावाच्या खाण व्यवस्थापकाने ती वाचली आणि रॉबिन्सनच्या औषधाच्या दुकानात बसून गावातल्या प्रतिष्ठितांना पटवलं की खटला आपल्याकडे झाला तर गावाचं नाव होईल, चार पैसे येतील. हे रॉबिन्सन स्वतः शाळा मंडळाचे अध्यक्ष, आणि शाळेची पुस्तकंही त्यांच्याच दुकानात मिळायची! राज्याने मंजूर केलेल्या त्या पुस्तकातच उत्क्रांतीचा धडा होता. जॉन स्कोप्स या 24 वर्षांच्या शिक्षकाला बोलावून विचारलं आणि तो तयार झाला. आपण तो धडा खरोखर शिकवला होता का, हे त्याला नीट आठवतही नव्हतं.

जुलैत दोन दिग्गज समोरासमोर उभे राहिले: सरकारी बाजूने बायबलवादी राजकारणी ब्रायन आणि स्कोप्सच्या बाजूने नामवंत वकील डॅरो. शिकागोच्या रेडिओने थेट प्रक्षेपण केलं. उकाडा आणि गर्दी इतकी, की न्यायाधीशांनी एक दिवस कामकाज झाडाखाली हलवलं. ज्यूरीने नऊ मिनिटांत स्कोप्सला दोषी ठरवलं, 100 डॉलर दंड झाला. पण 50 डॉलरच्या वरचा दंड ज्यूरीनेच ठरवायचा असतो आणि तो न्यायाधीशांनी ठरवला होता, म्हणून वरच्या कोर्टाने 1927 मध्ये निकालच रद्द केला. कायदा मात्र 1967 पर्यंत टिकला. निकालानंतर पाच दिवसांनी ब्रायन डेटनमध्येच वारले आणि त्यांच्या नावाचं ख्रिस्ती कॉलेज 1930 मध्ये इथे सुरू झालं.

म्हणजे या खटल्यावरून जगाने ज्या गावकऱ्यांना अडाणी ठरवलं, त्यांनी हा तमाशा धंद्याचा विचार करून स्वतःच उभा केला होता. माझ्या मते ती खोड अजून गेलेली नाही, फक्त आता गाव वकिलांऐवजी कारखाने बोलावतं. सोफे बनवणारी ला-झी-बॉय इथे आहे, फिनलंडची नोकियन टायर्स 2019 पासून आहे, काउंटीच्या उत्तर टोकाला वॉट्स बार अणुवीज केंद्र आहे.

शाळेबद्दल. ब्रायनच्या नावाच्या त्या कॉलेजचे विद्यार्थी इथल्या सरकारी प्राथमिक शाळांत येऊन पन्नासहून जास्त वर्षं बायबलचे तास घेत. कोर्टाने ते 2002 मध्ये बंद केले. आता असा तास नाही, पण मुलीच्या वर्गातली बहुतेक मुलं रविवारी चर्चला जाणारी असतील आणि 'तुम्ही कोणत्या चर्चला जाता?' हा प्रश्न शेजारी पहिल्याच भेटीत विचारतील. त्यात खोच नसते. आम्ही हिंदू आहोत म्हणून सांगा, पुढच्या वेळी केक घेऊन येतील. वाद घालायला कुणी येत नाही, खटल्याबद्दल तर तुम्हीच विचारलंत तर बोलतात. कोर्टाच्या आवारात 2005 पासून ब्रायनचा पुतळा आहे, 2017 मध्ये डॅरोचाही बसला. कोर्टाच्या तळघरात खटल्याचं संग्रहालय आहे, मुलीला जरूर दाखवा.

पगारावर राज्याचा आयकर नाही, पण विक्रीकर जबर आहे, किराण्यावरसुद्धा. दोन गाड्या लागतीलच. तूरडाळ, कढीपत्ता, मंदिर, मराठी बोलणारं माणूस, सगळं चॅटनूगाच्या बाजूला. तिथे फोक्सवॅगनचा कारखाना असल्यामुळे चाकणकडची मंडळीही भेटतात. अंतर साधारण 40 मैल, हायवे 27 सरळ आहे. यजमानांना रात्रपाळी असेल तर डेटनलाच राहा, नाहीतर दोघांच्या मधलं सॉडी-डेझी बघा. तुम्हालाही नोकरी करायची असेल तर मात्र चॅटनूगा. घर घेण्याची घाई नको, आधी सहा महिन्यांच्या करारावर भाड्याने मिळतं का ते विचारा.