१२ गुणिले ३० आणि आकड्यांची माळ

प्रश्न : मामांच्या दूध संकलन केंद्रासाठी पायथनमध्ये ‘नोंद’ नावाचा डेटाक्लास (माहिती साठवायचा साचा) लिहिला. लिटर फ्लोट (दशांश संख्या), दर इंट (पूर्णांक), असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तरी परवा १२ लिटर गुणिले ३० रुपये केल्यावर ३६० न येता १२१२१२… अशी लांबलचक माळ आली. पायथनने टाइप (किमतीचा प्रकार) तपासला कसा नाही?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, तासगाव

उत्तर : तपासणं हे काम पायथनने स्वतःकडे घेतलेलंच नाही. टाइप हिंट, म्हणजे कोणत्या टाइपची किंमत अपेक्षित आहे हे सांगणाऱ्या खुणा, २०१५ मध्ये ३.५ आवृत्तीत आल्या, डेटाक्लास २०१८ मध्ये ३.७ मध्ये, पण प्रोग्रॅम चालताना हिंट म्हणजे नुसतं टिपण. टाइप केलेलं वाचणारं इनपुट() नेहमी स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरं, देतं, आणि स्ट्रिंग गुणिले ३० म्हणजे तीच अक्षरं तीस वेळा. दर ३०.५ असता तर लगेच टाइपएरर (टाइप न जुळल्याचा इशारा) आला असता. तुमचा दर पूर्णांक होता, म्हणून चूक बिनबोभाट आत गेली.

फंक्शनांनाही हिंट दिल्यात, तर मायपाय (प्रोग्रॅम चालवण्याआधी टाइप तपासणारा प्रोग्रॅम) ही चूक आधीच दाखवेल. जेसन या स्वरूपातल्या फाइलमधून वाचलेल्या माहितीपुढे मात्र तो गप्प बसतो. उत्पादकाच्या पैशाचा हिशेब आहे तिथे तपासणी क्लासमध्येच हवी, असं माझं ठाम मत आहे.

ती डेटाक्लासच्या ‘पोस्ट इनिट’ या आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये लिहाल तर ऑब्जेक्ट (एकेक नोंद) बनताना एकदाच होईल, नंतर कुणी लिटर बदललं की काही अडणार नाही. त्यापेक्षा साधा क्लास घ्या, लिटरला प्रॉपर्टी करा आणि सेटरमध्ये, म्हणजे किंमत देताना दर वेळी चालणाऱ्या फंक्शनमध्ये, तपासा. किंमत ‘_लिटर’मध्ये ठेवा, नाहीतर सेटर स्वतःलाच बोलावत राहील.

आता इझइन्स्टन्स, म्हणजे किंमत अमुक टाइपची आहे का हे विचारणारं फंक्शन. नुसतं फ्लोट विचारलंत तर सरळ १२ हा इंटही नाकारला जाईल. म्हणून मी इंट आणि फ्लोट दोन्ही चालतील असं लिहिलं होतं, आणि तिथेच फसले. आमच्या गावच्या केंद्रात ‘दूध नासलं’ या खुणेचा ट्रू चुकून लिटरच्या रकान्यात गेला आणि १ लिटर म्हणून मोजला गेला. पायथनमध्ये बूल (ट्रू-फॉल्सचा टाइप) हा इंटचाच उपवर्ग आहे! दोन दिवस मी वजनकाट्याला दोष देत होते. तेव्हा आधी बूल नाकारा, मग बाकीचं विचारा. शून्याहून कमी लिटरही तिथेच अडवा.

स्ट्रिंगचा आकडा मात्र सेटरमध्ये करू नका. तो इनपुट घेताना फ्लोट() ने करा. मामा मराठी आकड्यांत ‘१२.५’ टाइप करत असतील तरी चालेल, फ्लोट()ला देवनागरी अंक कळतात.