लकव्यानंतर हात परत यावा म्हणून डोक्याला मशीन लावून 20 सेशन घ्यावीत का?

वडिलांना पाच महिन्यांपूर्वी लकवा झाला, ते आता काठी घेऊन चालतात, पण उजव्या हाताची बोटं उघडत नाहीत. आणि एका क्लिनिकमध्ये डोक्यावर मशीन धरून 20 सेशन घ्यायला सांगितलंय, ती घ्यावीत का, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे जास्त करून लकव्याचेच पेशंट येतात. म्हणून आधी थेट सांगते: त्या 20 सेशनमध्ये मशीननंतर लगेच तासभर हाताचा सराव होणार नसेल, तर पैसे घालू नका.

मशीनचं नाव टीएमएस. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर यांनी ते पहिल्यांदा करून दाखवलं. डोक्याजवळ तारेचं वेटोळं धरतात, त्यातून क्षणभर जोरात वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते कवटीतून आत जातं आणि मेंदूच्या वरच्या थरात छोटा विद्युतप्रवाह उमटतो. नेमक्या जागी धरलं तर अंगठा आपोआप उडतो. पेशंट खुर्चीत जागा असतो, त्याला टकटक ऐकू येते. मनोविकारात भूल देऊन शॉक देतात तो प्रकार हा नव्हे, काकांना तसं आधीच सांगा. दुसरा प्रकार टीडीसीएसचा: त्यात डोक्यावर ओल्या स्पंजच्या पट्ट्या बांधून 1 ते 2 मिलिअँपिअर इतका सौम्य प्रवाह साधारण 20 मिनिटं सोडतात. तो स्वस्त आहे, पण ऑनलाइन मागवून घरी स्वतः लावू नका.

यामागची कल्पना अशी. मेंदूचे दोन्ही अर्धगोल एकमेकांना धरून असतात, एकाच जुवाखालच्या बैलांसारखे. एक जखमी झाला की दुसऱ्याची ओढ जास्त होते. म्हणून चांगल्या बाजूला सेकंदाला एक या संथ गतीने ठोके देऊन तिला शांत करायचं, किंवा जखमी बाजूला जलद ठोके देऊन जागं करायचं. पण ज्यांचा मेंदू फार दुखावला आहे, त्यांच्यात चांगली बाजूच हाताला मदत करत असू शकते. तिला शांत करणं मग उलटही पडू शकतं. सगळ्यांना एकच पॅकेज देणं मला पटत नाही ते यासाठी.

आता पुराव्याचं. युरोपातल्या तज्ज्ञांनी 2020 मध्ये लकव्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात हातासाठी संथ ठोक्यांच्या पद्धतीला सर्वांत वरची श्रेणी दिली. पण त्याआधी, 2018 मध्ये, अमेरिकेतल्या 12 केंद्रांवरचा 199 पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. लकवा होऊन 3 ते 12 महिने झालेले, म्हणजे तुमच्या वडिलांसारखेच लोक. 6 आठवड्यांत 18 सेशन. काहींना खरे ठोके, काहींना नकली, आणि त्यानंतर सगळ्यांना तासभर हाताने कामं करायचा सराव. उपचार संपल्यावर 6 महिन्यांनी पाहिलं तर हाताच्या हालचाली तपासणाऱ्या 66 गुणांच्या परीक्षेत निदान 5 गुण वाढलेले लोक खऱ्या मशीनवाल्यांत 67 टक्के निघाले, नकलीवाल्यांत 65.

बरेच जण हे वाचून म्हणतात, मशीन फुकट गेलं. मला मात्र तो 65 चा आकडा फार मोलाचा वाटतो. आजार जुना झाला, आता काही होणार नाही, असं घरच्यांना सांगितलं जातं त्याच काळात हे लोक मशीनशिवाय सुधारले. थोडा वाटा शरीर आपोआप भरून येण्याचा असेल, पण मी रोज जे पाहते त्यावरून सरावाचा वाटा मोठा आहे असं मी म्हणेन.

माझ्या एका पेशंटने उसाच्या बिलाचे पैसे घालून दुसऱ्या शहरात 15 सेशन घेतली. वीस मिनिटं टकटक, मग थेट एसटी स्टँड. एकदाही कुणी त्यांच्या हातात पेला दिला नाही. परत आले तेव्हा मूठ आधीपेक्षा घट्ट झाली होती, कारण त्या तीन आठवड्यांत घरचे व्यायामही सुटले होते. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

तरी करायचंच ठरवलं तर क्लिनिकला हे विचारा. कोणत्या बाजूला देणार आणि का? अंगठा किती ताकदीला उडतो हे काकांच्याच डोक्यावर मोजणार का? दुबळ्या हाताला ठोक्याने हालचाल मिळते का, हेही तपासायला सांगा. मेंदूपासून हातापर्यंतची वाट शिल्लक आहे का, ते त्यातून कळतं, आणि माझ्या मते मशीनचा सगळ्यात भरवशाचा उपयोग हाच. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूत धातूची क्लिप किंवा आधी फिट आलेली असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय बसवू नका. फिट येण्याचा धोका फार कमी आहे, पण तो आहे.

मनगट आणि बोटं निदान 10 अंश वर येत असतील तर आणखी एक मार्ग आहे. चांगल्या हाताला दोन आठवडे दिवसभर मोजा घालून सगळी कामं दुबळ्या हाताने करून घ्यायची. 2006 च्या अमेरिकेतल्या 222 पेशंटच्या अभ्यासात त्याचा फायदा वर्षभर टिकलेला दिसला. फक्त काठी चांगल्या हातात असते, म्हणून चालताना मोजा काढायचा. शेंगा सोलणं, तांब्या सरकवणं, कपड्यांच्या चिमट्या काढणं, हीच कामं पुन्हा पुन्हा.

काकांना मनगट थोडं तरी वर उचलता येतं का, आणि लकव्यानंतर कधी फिट आली होती का, एवढं कळवा. घरी कुठून सुरुवात करायची ते मी त्यावरून सांगते.